सात मिनिटांचा रकाना

"अजून एकदा धुऊ या," नव्या मॅडम म्हणाल्या.

मी पाण्याची सिरिंज पुढे केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेसहा मिनिटं झाली होती. टेबलावर डाव्या कुशीवर झोपलेला माणूस ट्रक ड्रायव्हर होता, चांगला आडदांड. पण तोंडात प्लास्टिकचं कडं बसलं आणि घशातून काळी नळी खाली गेली की आडदांड माणसाचंही कोकरू होतं. त्याच्या पायांची बोटं आवळली होती. लाळ माझ्या हातमोज्यावरून ट्रेमध्ये गळत होती. दाराबाहेर बाकांवर चौदा जण उपाशीपोटी बसले होते आणि त्यांच्यातल्या एकाचं दोनदा दार ढकलून डोकावून झालं होतं. इकडे मॅडम मात्र पडद्यावर जठराची एकेक घडी अशी निरखत होत्या, जसं काही दिवसभर दुसरं कामच नाही.

"मॅडम, पेशंट कासावीस होतोय," मी म्हटलं.

"हो. दोनच मिनिटं. काका, नाकाने श्वास घ्या. छान जमतंय तुम्हाला."

छान कसलं जमतंय, मी मनात म्हटलं. दुर्बिणीच्या या खोलीत मला एकोणीस वर्षं झाली होती. अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची सुरुवात, एवढाच रस्ता. मोठे सर तो असा पार करत की नळी बाहेर आल्यावर पेशंट विचारायचा, "झालं?" सरांचा हात लोण्यासारखा. लोक गावोगावहून त्यांचं नाव काढत यायचे आणि जाताना म्हणायचे, कळलंसुद्धा नाही. या मॅडम येऊन चार महिने झाले होते. त्यांच्या दिवशी माझं जेवण चार वाजता व्हायचं. आम्ही आपसात त्यांना सावकाशबाई म्हणायचो.

नवव्या मिनिटाला एका घडीमागून डाळीच्या दाण्याएवढा लालसर डाग निघाला. मला तर तो नळी घासल्याची खूण वाटला. मॅडमनी त्याचे चार तुकडे घेतले, चारही बाटल्यांवर माझ्याकडून नाव लिहून घेतलं आणि मगच नळी बाहेर काढली.

हात धुताना त्यांनी रजिस्टर मागवलं.

"सिस्टर, एक विचारायचं होतं. खाडाखोड फक्त माझ्याच पानांवर का असते? बाकीची पानं अगदी मोत्यासारखी आहेत."

मी टॉवेल पुढे केला. कारण साधं होतं. तीन वर्षांपूर्वी परिपत्रक आलं होतं: दुर्बीण आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत किमान सात मिनिटं तपासणी व्हावी, वेळेची नोंद ठेवावी. तेव्हापासून रजिस्टरमध्ये दोन रकाने आले, 'आत' आणि 'बाहेर'. सकाळी पेशंटची यादी आली की मी चहा पिता पिता दोन्ही रकाने एकदमच भरून टाकायचे. नऊ पाच, नऊ बारा. नऊ वीस, नऊ सत्तावीस. पेशंट अजून घरून निघालेला नसायचा आणि त्याची तपासणी माझ्या रजिस्टरात संपलेली असायची. मॅडम सातात कधी बसायच्याच नाहीत, म्हणून त्यांचे आकडे मला खोडावे लागायचे. याबद्दल मी त्यांच्यावर चिडलेलीसुद्धा होते.

"सरांचा हात बसलाय मॅडम," मी म्हटलं. "वेळ ठरलेली असते त्यांची."

"असेल." त्यांनी टॉवेल घडी करून ठेवला. "गेल्या तीन वर्षांत इथे तपासणी नॉर्मल आली आणि पुढे कॅन्सर निघाला, असे अकरा पेशंट मला सापडलेत. मला एवढंच बघायचं होतं की नळी लवकर बाहेर आली तर कमी सापडतं का. तर अकराच्या अकरा सात मिनिटांचे. फोटोंवरून काही कळत नाही, मशीनचं घड्याळ कधीचं बंद आहे. म्हणजे तुमच्या रजिस्टरप्रमाणे वेळेचा काही संबंधच नाही. हे खरं असेल तर मी लोकांना उगीच छळतेय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

संध्याकाळी दादाकडे गेले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठा. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि वहिनीचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिने माझ्या वेण्या घातल्या, उवा काढल्या, नर्सिंगच्या परीक्षेला माझ्याबरोबर जागून हाडांची नावं पाठ केली. आजही ती मला चिमणी म्हणते आणि दादा चिमी. पन्नाशी उलटलेल्या बाईला चिमणी म्हणणारं माणूस घरात असणं ही काय चीज आहे, ते ज्याचं त्यालाच कळेल.

वहिनीने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"बास. पोट गच्च झालं."

"दोन घासांत?"

"हल्ली असंच होतं गं. गोळ्या चालू आहेत."

तिच्या बोटातली अंगठी सैल झाली होती, म्हणून तिने तिला आतून दोरा गुंडाळला होता. मी त्या दोऱ्याकडे बघत होते. बोटं एवढी बारीक कधी झाली, हे रोज माणसांची पोटं बघणाऱ्या मला कळलं नव्हतं.

"मी तरी म्हणतो परत दाखवू," दादा म्हणाला. "पण गेल्या आठवड्यात मोठ्या सरांना विचारून आलो. ते म्हणाले, आठ महिन्यांपूर्वीच दुर्बीण झाली आहे, सगळं स्वच्छ आहे. वर्ष दीड वर्ष बघायची गरज नाही. मनाचेच खेळ आहेत म्हणाले."

दादाने कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली. दादा कारखान्यात तपासनीस होता. यंत्रावरून निघालेला प्रत्येक भाग मापाच्या गेजला लावून बघायचा आणि पास की नापास ते ठरवायचा. चाळीस वर्षं हेच काम. लिहिलेल्या आकड्यावर त्याचा देवासारखा विश्वास. त्याने रिपोर्टवर बोट ठेवलं.

"हे बघ. तपासणीचा कालावधी, सात मिनिटं. सात मिनिटं एखाद्या गोष्टीकडे बघत बसलं तर काय सुटेल? आणि तू होतीस की तिथे."

मी होते तिथे.

वहिनीला नळीची भयंकर धास्ती होती. घसा बघायला कुणी चमचा जिभेवर ठेवला तरी तिला उमासे यायचे. म्हणून मी वशिला लावला. तिचं नाव मोठ्या सरांच्या यादीत पहिलं घातलं, स्वतः तिच्या घशात स्प्रे मारला, तिचं डोकं माझ्या हातात धरलं आणि सरांना म्हटलं, "सर, माझ्या वहिनी आहेत. फार घाबरतात. जरा लवकर उरका." सर हसले. म्हणाले, "तुमच्या वहिनी म्हणजे व्हीआयपी." नळी आत गेली, पडद्यावर सगळं गुलाबी गुलाबी सरकलं, जठरात थोडा फेस होता तो तसाच राहिला आणि नळी बाहेर आली. अडीच मिनिटं. कदाचित तेवढीही नसतील. वहिनी उठून बसली आणि म्हणाली, "झालं?" पुढे आठवडाभर ती शेजारणींना सांगत होती की आमच्या चिमणीमुळे मला कळलंसुद्धा नाही. मीही फुशारकीने ऐकत होते.

"काय गं, बोलत का नाहीस?" दादाने विचारलं.

"काही नाही. उद्या बोलते," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी यादी यायच्या आधी मी मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, माझ्या वहिनींची दुर्बीण परत करायची आहे. तुम्ही करा."

त्यांनी रिपोर्ट वाचला. "आठ महिन्यांपूर्वी नॉर्मल. आणि मोठ्या सरांनी नको म्हटलंय. त्यांचा पेशंट मी त्यांना डावलून कसा घेऊ सिस्टर? काहीतरी कारण हवं."

"सात मिनिटं नव्हती ती."

"किती होती?"

"अडीच."

त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला. मला वाटलं, आता चांगली हजेरी घेतील. मी तयारही होते. त्यांनी फक्त विचारलं, "आणि बाकीच्यांची?"

"सगळी मीच लिहायचे," मी म्हटलं. "सकाळी. आधीच."

मग त्यांनी कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. "हे लिहून द्याल?"

मी लिहून दिलं. सहा ओळी झाल्या. एकोणीस वर्षांत माझं अक्षर पहिल्यांदाच वाकडंतिकडं आलं.

"उद्या पहिली केस त्यांची," मॅडम म्हणाल्या.

आता दादाला सांगायचं होतं. न सांगता निभलं असतं तर मी सांगितलं नसतं, हे आधीच कबूल करते. पण दादा हटून बसला. "आठ महिन्यांत परत नळी? सरांनी नाही म्हटलं असताना? तिला किती त्रास होतो ते तुला माहीत नाही?" वहिनी भाजी निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. अडीच मिनिटं, चहाच्या वेळी भरलेले रकाने, लवकर उरका म्हटलेलं, सगळं.

दादा खुर्चीत बसला. त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

"माझ्या टेबलावर दिवसाला चारशे पीस यायचे," तो म्हणाला. "लोखंडाचे. शिफ्ट संपत आली की सुपरवायझर म्हणायचा, मार शिक्के, कोण बघतंय. मी एक पीस न मोजता पास केला नाही. एक. लोखंडाचा. आणि तू माणसावर शिक्का मारलास."

"दादा, मला वाटलं तिला त्रास होऊ नये..."

"हिच्यापुरतं वाटलं असेल. बाकीच्यांचं काय? त्यांच्यावरही माया होती का तुझी?"

वहिनीने निवडलेली भाजी एका बाजूला केली, देठं कागदात गुंडाळली आणि विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"

"आठला," मी म्हटलं. "उपाशीपोटी."

"मला तसंही काही जात नाही," ती म्हणाली.

सकाळी मॅडमनी तिला आधी फेस मारायचं औषध प्यायला दिलं आणि वीस मिनिटं बसवून ठेवलं. सरांच्या दिवशी आम्ही या भानगडीत पडत नसू, वेळ जातो म्हणून. मग गुंगीचं हलकं इंजेक्शन. गुंगीतही वहिनीने माझं मनगट घट्ट पकडलं होतं. मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही थांबणार की दुसरं कुणी घेऊ?" मी थांबले.

नळी आत गेली. मी घड्याळ बघितलं आणि मोठ्याने म्हटलं, "आठ बेचाळीस."

पहिलं मिनिट अन्ननलिकेत गेलं. वहिनीला उमासा आला, तिचं सगळं अंग टेबलावरून उचललं गेलं. मी तिचं डोकं छातीशी धरलं. "झालं हं वहिनी, झालं," मी म्हणत होते आणि झालं काहीच नव्हतं. दुसऱ्या मिनिटाला नळी जठरातून पुढे लहान आतड्यात गेली. तिथे काही नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी एव्हाना आम्ही परतीच्या वाटेला लागलो होतो.

तिसरं मिनिट. मॅडम जठरात परतल्या आणि त्यांनी हवा भरायला सुरुवात केली. घड्या हळूहळू पसरल्या. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. त्यांनी धुतलं, ओढून घेतलं, परत धुतलं. चौथं मिनिट. फोटो. थोडी पुढे, फोटो. वहिनी ढेकर देत होती, तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी माझ्या हातावर येत होतं. पाचवं मिनिट संपलं तेव्हा पडद्यावर सगळं छान होतं. गुलाबी, ओलं, तुकतुकीत. माझ्या तोंडावर आलं होतं की मॅडम, बास करा, आहे सगळं नीट, सोडा तिला. नीट असायला हवं होतं ना मला. माझं सगळं त्यावर टांगलेलं होतं. नीट निघालं असतं तर अडीच मिनिटं पुरली होती असं झालं असतं, आणि मी घरी जाऊन दादाला म्हटलं असतं, बघ, उगीच बोललास.

"आता वळून बघते," मॅडम म्हणाल्या.

नळीचं टोक त्यांनी जठरातच उलटं वळवलं, त्यामुळे आलो तो रस्ता आता मागून दिसू लागला. सहावं मिनिट. जठर जिथे वाकतं तिथे आतल्या बाजूला एक कंगोरा असतो. नळी सरळ जाते तेव्हा तो पाठीमागे राहतो. मॅडमनी तिथे पाणी मारलं. चिकट पांढरा थर सरकला.

"इथे जरा..." त्या म्हणाल्या आणि नळी तिथेच धरून ठेवली.

अंगठ्याच्या नखाएवढी जागा होती. आजूबाजूपेक्षा फिकट, मधे खोलगट, कडा कुरतडल्यासारख्या. पाण्याच्या धारेनेच तिच्यातून रक्ताचा एक बारीक ओघळ आला. मी काही डॉक्टर नाही. पण एकोणीस वर्षं मी त्या पडद्यासमोर उभी होते, मला कुणी सांगायची गरज नव्हती. मॅडमनी मान वळवून माझ्याकडे बघितलं नाही, याचे मी त्यांचे उपकार मानते.

"चिमटा द्या सिस्टर."

मी चिमटा दिला. उघडा म्हटलं की उघडला, मिटा म्हटलं की मिटला. सहा तुकडे. माझे हात आपोआप चालत होते, बाटल्यांवर नाव नीट लिहिलं गेलं. वहिनीचं नाव मी त्या खोलीत तोवर एकदाच लिहिलं होतं. नळी बाहेर आली तेव्हा आठ चोपन्न झाले होते.

वहिनी गुंगीतून जागी झाली आणि तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. "सापडलं ना?" ती म्हणाली. "तुझं तोंड लहानपणापासून असंच होतं, काही फोडलंस की."

तुकड्यांचा अहवाल आठ दिवसांनी आला. तोवर पोटाचा स्कॅनही झाला होता. मॅडमनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं. कॅन्सर आहे. जठराच्या भिंतीत उतरलाय. जठर जवळजवळ सगळं काढावं लागेल, आणि पुढे औषधाच्या फेऱ्या. दादाने विचारलं, आठ महिन्यांपूर्वी सापडला असता तर? मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "नक्की सांगता येणार नाही. पण तेव्हा तो वरच्या थरातच असता, तर दुर्बिणीतूनच खरवडून निघाला असता. पोट न फाडता. तसं झालं असतंच असं मी म्हणत नाही."

दादा उठून बाहेर गेला. त्यानंतर दोन महिने तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. ताट वाढायचा, पण बोलायचा नाही.

माझ्या सहा ओळींवर चौकशी लागली. मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते. गरीब पेशंटच्या घरी स्वतः फोन करून विचारपूस करणारे, माझ्या गुडघ्याचं दुखणं न सांगता ओळखणारे. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सिस्टर, मी तुम्हाला कधी म्हटलं का, सात लिहा म्हणून?"

मी आठवायचा प्रयत्न केला. परिपत्रक आलं त्या दिवशी मी विचारलं होतं, सर, किती लिहू? ते म्हणाले होते, नियम काय म्हणतो? एवढंच.

"नाही सर."

"मग?"

"मग तुम्ही कधी रजिस्टर उघडून बघितलं का सर?" मी म्हटलं. एकोणीस वर्षांत मी त्यांना उलट बोलले नव्हते. ते खिडकीकडे बघत राहिले आणि मी बाहेर आले. चौकशी होईपर्यंत मला चादरींच्या स्टोअरमध्ये टाकलं. तिथे मी दिवसभर चादरी मोजायचे.

ऑपरेशन सहा तास चाललं. दहाव्या दिवशी वहिनीला चमच्याने पातळ द्यायला परवानगी मिळाली. दादा हातात कप धरून, घड्याळ लावल्यासारखा तिच्यासमोर बसायचा. एक चमचा, मग पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरा. मी पायथ्याशी उभी राहायचे. कुणी बस म्हणत नव्हतं आणि कुणी जा म्हणत नव्हतं.

त्याच सुमारास एक दिवस मॅडम आल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता. चौकशी थंडावली होती. वरची मंडळी म्हणत होती की एका सिस्टरच्या कागदावर तीन वर्षांच्या तपासण्या खोट्या कशा धरायच्या. पेशंटने स्वतः लेखी तक्रार दिली तरच पुढे हलणार होतं. "तसं झालं तर ज्यांना नॉर्मल म्हणून घरी पाठवलं, त्या सगळ्यांना परत बोलावता येईल," त्या म्हणाल्या. "पण त्यात सिस्टरची नोकरी जाईल. कदाचित नुसती नोकरी नाही. मी आग्रह करत नाही. तुम्ही ठरवा." आणि त्या गेल्या.

"नको," दादा लगेच म्हणाला. "काही द्यायची नाही तक्रार. चिमीला चार वर्षं राहिली आहेत निवृत्तीला."

दोन महिन्यांनी त्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं आणि मला रडू फुटलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

"किती जण असतील गं?" वहिनीने मला विचारलं.

"कसले?"

"ज्यांना तू सात लिहिलंस."

मी हिशेब केला नव्हता. किंवा मनात अनेकदा करून अर्ध्यावर सोडला होता. "दिवसाला बारा-पंधरा," मी म्हटलं. "आठवड्याचे चार दिवस. तीन वर्षं."

वहिनीने डोळे मिटले. तिचा चेहरा उशीपेक्षा पांढरा होता, गालाची हाडं वर आली होती. मला वाटलं झोप लागली. मग ती म्हणाली, "ते आपले घरी जेवत असतील. पोट गच्च होतं म्हणत असतील. आणि त्यांची माणसं त्यांना कागद दाखवत असतील."

दादाने हातातला चमचा कपात ठेवला.

"कागद आण," ती मला म्हणाली. "तूच लिही. माझ्या हातात सुई आहे."

"वहिनी, मी कसं लिहू?"

"हाताने लिही."

मी वॉर्डातल्या नर्सकडून कागद आणला, स्टूल ओढून बसले आणि मांडीवर फाइल धरली. ती सांगत गेली, मधे मधे थांबत, कारण दोन वाक्यांत तिला दम लागत होता. कधी तपासणी झाली. किती वेळात उरकली. कागदावर किती लिहिली. मी शब्दाला शब्द लिहीत होते.

"‘ही वेळ लिहिणारी सिस्टर माझी नणंद आहे,’" ती म्हणाली.

माझं पेन थांबलं.

"लिही. ‘तिने हे नकळत केलेलं नाही. तिला सगळं माहीत होतं.’"

मी लिहिलं. अक्षरं दिसत नव्हती, तरी लिहिलं.

"‘ती अकरा वर्षांची असल्यापासून मी तिला वाढवलं आहे.’"

"हे तक्रारीत कशाला?" दादा म्हणाला.

"खरं आहे म्हणून," वहिनी म्हणाली. "सगळं खरं लिहायचं म्हटलं की हेही आलं."

पान भरलं. मी तळाशी सहीसाठी जागा सोडली आणि पेन तिच्या डाव्या हातात दिलं. तिने ते पांघरुणावर ठेवलं आणि आधी चष्मा मागितला. दादाने तो पुसून तिच्या डोळ्यांवर लावला. मग तिने कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचायला लागली. दादा आणि मी पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून तिचं वाचून व्हायची वाट बघत होतो.